संगीतसभेचं आमंत्रण घरी येऊ द्या : मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारिणी सदस्य,
आपलं मराठी मंडळ, लष्कर, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सभासदांना ते कळेलच, आणि बाहेरच्यांनी हे पत्र आपापल्या मंडळाचं समजून वाचलं तरी चालेल. इंदूर-बडोद्याच्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा लक्षात आलं की हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही.

गेल्या आठवड्यात आपलं परिपत्रक ग्रुपवर आलं. कोजागरीच्या सुमारास झालेल्या संगीतसभेचा तो अहवाल. 'सोशल मीडियावरील प्रचारास अभूतपूर्व प्रतिसाद' हे पहिलं वाक्य, त्याखाली रीलच्या व्ह्यूजचा आकडा, आणि शेवटी ठराव : छापील पत्रक कायमचं बंद, घरोघरचं आमंत्रण बंद, पुढच्या वर्षीपासून सगळा प्रचार सोशल मीडियावर, आणि त्यासाठी एका एजन्सीला वर्षभराचं काम. सभागृहात किती माणसं होती, याबद्दल मात्र अहवालात चकार शब्द नाही.

मी तिन्ही संध्याकाळी सभागृहात होते, म्हणून सांगते. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखलेल्या, त्यातले पाहुणे हारतुरे झाले की उठून गेले. त्यामागे आम्ही विखुरलेले. दुसऱ्या दिवशी गायिका बाईंनी पूरिया राग मांडला तेव्हा समोर गाणं ऐकणाऱ्यांपेक्षा मोबाइल उंच धरून उभे असलेले जास्त होते, आणि त्यातले बरेच एजन्सीचे. मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी दोन स्वयंसेवक उरलेले बटाटेवडे कोणाच्या घरी पाठवायचे याची चर्चा करत होते. आपल्या सभेत वडे उरतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

'मोबाइल आला की ह्या लोकांच्या पोटात दुखतं' असं कोणी म्हणण्याआधी माझी बाजू सांगून टाकते. माझं वय छत्तीस, आणि माझं घर याच कामावर चालतं. नया बाजारातल्या साड्यांच्या दुकानांची, एका मिठाईवाल्याची आणि दोन कोचिंग क्लासची इन्स्टाग्राम-फेसबुक पानं मी सांभाळते. रील काढते, पैसे भरून ती बूस्ट करते, म्हणजे जास्त लोकांना दिसेल असं करते, रात्री बाराला 'प्राइस प्लीज'ला उत्तरं देते. सोशल मीडियानं माणसं दुकानापर्यंत येतात, हे मला कोणी सांगायला नको. म्हणूनच आपण जे केलंत त्याला प्रचार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुसरी बाजू घरची. आजी या सभेला यायची, नंतर आई यायची, आई गेल्यावर आता मावशीला घेऊन मी येते. गाणं मी माधव संगीत महाविद्यालयात शिकले. १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकारानं निघालेलं ते विद्यालय. त्याच्याही चार वर्षं आधी, १९१४ मध्ये, कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं होतं. ज्या गावात ख्यालगायक हद्दू खाँ-हस्सू खाँ गायले आणि जिथून ख्यालाची तालीम घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात गेले, त्या गावातल्या मराठी मंडळाला ख्यालाच्या मैफलीसाठी श्रोते मिळत नाहीत, हे मला पटत नाही. श्रोते आहेत. त्यांना कळवलं गेलं नाही.

आणि कळवणं हे कमीपणाचं काम नव्हे. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाच्या खजिन्यावर नाही, लोकांच्या पैशावर. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, त्यासाठी माणसं गोळा केली. दरबारातलं गाणं चार लोकांत आणायचं तर चार लोकांना आधी बोलवावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

आता तक्रारी.

सुरुवात पोस्टरपासून, कारण माझ्याकडे ते एकदाच आलं आणि मी ते बोटांनी मोठं करून करून वाचलं. वरच्या निम्म्या भागात नऊ चेहरे : अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, मुख्य पाहुणे, विशेष पाहुणे, स्वागतोत्सुक आणि प्रायोजक. प्रत्येकाचं नाव, पद, हात जोडलेले. त्याखाली सोनेरी पट्टी. तिच्याखाली तीन कलाकार, पोस्टाच्या तिकिटाएवढे. ज्यांचं गाणं ऐकायला आम्ही यायचं त्यांची नावं मला चष्मा लावून शोधावी लागली. तबला आणि संवादिनीवर कोण, त्याचा पत्ताच नाही. 'नामवंत साथसंगत' असं लिहून दोन माणसं पुसून टाकली. संवादिनीवर आपल्याच गावचा मुलगा होता. त्याच्या आईनं ते पोस्टर नातेवाइकांना पाठवलं नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं.

वेळ : 'सायंकाळी'. स्थळ : 'मंडळाचे सभागृह'. मंडळाचं सभागृह आपल्याला माहीत आहे हो, पण मुरारहून किंवा हजीऱ्याहून पहिल्यांदाच येणाऱ्या माणसानं टेम्पोवाल्याला काय सांगायचं? प्रवेश मोफत की देणगीपत्रिका, हेही नाही. त्याऐवजी एक क्यूआर कोड होता. मी तो स्कॅन केला तर एजन्सीचं स्वतःचं पान उघडलं.

आणि अक्षरं! 'शास्त्रीय'मधला 'स्त्र' फुटून त्याचे तुकडे झाले होते, आणि 'वि'ची वेलांटी अक्षर सोडून भलतीकडे गेली होती. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टर केलं त्यात भारतीय लिप्यांसाठीची एक सेटिंग बदलली की हे होत नाही, मिनिटाभराचं काम आहे. ते कोणाला दिसलं नाही याचा अर्थ पाठवण्यापूर्वी ते कोणीच वाचलं नाही. मराठी मंडळाच्या पोस्टरवरचं मराठी.

(मजकुराचं तर विचारूच नका. सभासदांसाठी मराठी आणि गावातल्या बाकी रसिकांसाठी हिंदी, अशा दोन पोस्ट करा, मी आनंदानं पुढे पाठवीन. ग्वाल्हेरचा अर्धा जाणकार श्रोता हिंदीभाषक आहे आणि तो आपल्याला हवाच आहे. आपण केलंत ते 'म्यूझिकल नाइट विथ लेजेंड्स' छापाचं, जे धड यांचंही नाही आणि त्यांचंही नाही.)

पुढे रील. अहवालात जिचं एवढं कौतुक आहे ती मी पाहिली. बाईंचा फोटो हळूहळू जवळ येतो, मागे त्या आठवड्यात चालणारं एक सिनेमातलं गाणं. ज्या गायिकेची मैफल, तिच्या आवाजाचा एक सूर त्यात नाही. व्ह्यूज आले, येणारच. पण इन्स्टाग्राम रील दाखवतं ते बहुतेक आपल्याला न ओळखणाऱ्यांना, कुठल्याही गावातल्या. शिवाय एकच माणूस चारदा पाहील तर ते चार व्ह्यूज धरले जातात. मी कमेंट उघडून पाहिल्या : पुणे, भोपाळ, नागपूर, एक दुबई. त्यातलं कोणी आपल्या लष्कर भागात संध्याकाळी सभेला येणार होतं का? तोच पैसा सभागृहाभोवतीच्या दहा-बारा किलोमीटरपुरता बूस्टला लावला असता तर निदान माणूस गावातला तरी निघाला असता. जाहिरात भरताना तो पर्याय समोरच असतो. एजन्सीनं तो निवडला नाही, कारण मग आकडा लहान दिसतो, आणि आपण आकडाच मागितला होता.

बरं, रीलखाली लिहिलेली लिंक. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही, हे या धंद्यातल्या नव्या पोरालाही माहीत असतं. ती तिथे पाच ओळींची पसरली होती.

व्हॉट्सॲपबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण 'ग्रुपवर टाकलं होतं की' हे उत्तर मला तीन पदाधिकाऱ्यांनी वेगवेगळं दिलं. ग्रुपवर टाकलं त्या दिवशी दोन वाढदिवस आणि एक निधन होतं. पोस्टर त्या शुभेच्छा-श्रद्धांजलीखाली गेलं ते गेलंच. पिन करायला कोणाला सुचलं नाही. मग ते अध्यक्षांच्या स्टेटसवर आलं. स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि ज्यांचा नंबर आपल्याकडे आणि आपला त्यांच्याकडे सेव्ह आहे त्यांनाच दिसतं. ब्रॉडकास्टचंही तसंच : एका यादीत २५६ नंबर, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ते पोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला तसं कोणी सांगतही नाही. नवीन कार्यवाहांचा नंबर किती सभासदांनी सेव्ह केला असेल? मावशीकडे अजून मागच्याच्या मागच्या कार्यवाहांचा आहे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, मधुमेहानं दृष्टी गेली. गाण्याचा कान असा की तानपुरा जरा उतरला तर ते आधी मान वळवतात. त्यांना त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो. पण आपण पाठवलं ते चित्र. चित्रात कोरलेली अक्षरं त्यांच्या फोनला बोलता येत नाहीत. त्यांच्या फोननं सांगितलं, 'इमेज'. पोस्टरच्या खाली चार ओळी साध्या टाइप करून टाकल्या असत्या, कार्यक्रम, कलाकार, वार-तारीख-वेळ, पत्ता, तर काका आले असते. त्या चार ओळी पुढे शोधतानाही सापडतात, चित्र सापडत नाही.

आणि वेळ बदलली ती तर कमालच. तिसऱ्या दिवशीची सभा सातऐवजी सहाला घेतली. हे फेसबुकवर कोणीतरी 'टाइम प्लीज' विचारलं त्याखालच्या उत्तरात कळवलं. आमची मावशी, गुडघे धरून, ई-रिक्षानं पावणेसातला पोचली तेव्हा बडा ख्याल संपून गेला होता. ती दाराशी खुर्ची घेऊन बसली आणि मला म्हणाली, "अगं, मला कोणी सांगितलं असतं तर मी चारलाच येऊन बसले असते."

आता जे पत्रक आपण बंद केलंत त्याबद्दल.

डेमी आकाराचा पिवळा कागद, एका बाजूला छापलेला. वर गणपती, खाली 'सप्रेम नमस्कार वि. वि.', मग तीन दिवसांचे कलाकार, साथीदारांसह. वेळ तासा-मिनिटांत. शेवटी 'हेच आमंत्रण समजून अगत्य यावे'. छपाई काही देखणी नसे, शाई कधी बोटाला लागे. पण तो कागद आमच्याकडे कालनिर्णयच्या खिळ्याला टोचलेला असायचा आणि दूधवाला, कामाला येणाऱ्या ताई, शेजारचे गुप्ताजी, सगळे तो येता-जाता वाचायचे. गुप्ताजी त्यामुळेच दरवर्षी यायचे. ते आपल्या कोणत्याही ग्रुपवर नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट पत्रक वाटणाऱ्यांची. सभासदांची मुलं वाड्यावाड्यांत, गल्ल्यांत वाटून घेऊन जायची. मी शिंदे की छावनीच्या बाजूनं जायचे. दारात उभं राहून पत्रक देता येत नाही. आत या, पाणी घ्या, लाडू खा, कोणाची गं तू, हे होतंच. मग कळायचं की खालच्या मजल्यावरचे आजोबा पडलेत, त्यांना कोणीतरी गाडीतून न्यायला हवं. कळायचं की अमुक कुटुंब भोपाळला मुलाकडे गेलं, यादीतून काढा. एक नवीन बिऱ्हाड आलंय, यादीत घाला. परत येऊन हे सगळं कार्यवाहांच्या वहीत लिहायचं. पत्रक वाटताना मंडळाची खानेसुमारी आपोआप व्हायची, वडे किती करायचे ते त्यावरून ठरायचं. यंदा ती वही कोणी उघडलीच नाही. देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं तेही राहिलं. फळ्यावर अजून गणेशोत्सवातल्या अथर्वशीर्षाची वेळ आहे.

छपाई महाग झाली, मुलं आता वाटायला येत नाहीत, असं आपण सभेत म्हणालात. मुलं येत नाहीत हे काही अंशी खरं आहे. त्यांना कोणी बोलावलंय का, हेही विचारा. छपाईचं म्हणाल तर दोन आकडे शेजारी ठेवा : एका रंगात हजार पत्रकं छापण्याचा खर्च आणि एजन्सीचं बिल. दुसरा आकडा अहवालात नाही. तो सभासदांना बघू द्या. मी या धंद्यात आहे, नऊ चेहऱ्यांचं एक पोस्टर, एक रील आणि चार पोस्ट यांना बाजारात काय पडतं याचा मला अंदाज आहे.

सभागृहातल्या चित्रीकरणाबद्दल मी थोडक्यात लिहिते, पण ते हलक्यानं घेऊ नये. बाई आलाप करत असताना एजन्सीचा मुलगा रिंग लाइट घेऊन मंचाच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. बाईंनी एकदा डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. त्या काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. नंतर त्यांच्या बंदिशीचा मोठा तुकडा मंडळाच्या पानावर आला. त्यांची परवानगी घेतली होती का, हे मी दोघांना विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचे स्वतंत्र अधिकार आहेत, कलम ३८ पासून पुढे. त्याच्या संमतीशिवाय त्याच्या सादरीकरणाचं ध्वनी वा दृश्य मुद्रण करता येत नाही. आपण मानधन देतो ते गाण्याचं, चित्रीकरणाचं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गाणाऱ्याच्या तोंडावर दिवा मारू नये, एवढं ग्वाल्हेरात सांगावं लागू नये.

तानसेन समारोहाकडे बोट दाखवून 'बघा, ते कसं करतात' असंही एका सदस्यानं मला ऐकवलं. १९२४ पासून चालत आलेला तो सोहळा, मागे सरकार, देशभरातले कलाकार, आणि २०२३ पासून गावाला युनेस्कोचं संगीतनगरीचं बिरुद. समाधीपाशी सकाळी हरिकथा आणि मिलाद झाली की समारोह सुरू झाला, हे गावाला ठाऊक असतं. आपली सभा तीन संध्याकाळांची, साडेतीनशे खुर्च्यांची. आपल्याला अख्ख्या देशाला कळवायचं नाही. साडेतीनशे माणसांना कळवायचं आहे, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी आपण चालत जाऊ शकतो.

मागण्या अशा :

पुढच्या वर्षीचं पत्रक छापा. रंगीत नको, पिवळ्या कागदावर चालेल. कार्यक्रमाआधी पंधरा दिवस ते घरोघर जावं आणि वही पुन्हा सुरू व्हावी. सत्तरीपुढच्या सभासदांना आदल्या दिवशी फोन करावा. वेळ किंवा स्थळ बदललं तर तेव्हाही करावा.

सोशल मीडिया बंद करू नका. पण त्यावर जे जाईल त्यात कलाकार सगळ्यात मोठा, साथीदार नावानिशी, वेळ, पूर्ण पत्ता आणि प्रवेशाची अट हे आधी, पदाधिकारी नंतर. आणि जागा उरली नाही तर नकोत. चित्राखाली तोच मजकूर टाइप केलेला असावा. मराठी आणि हिंदी वेगवेगळं. फेसबुकवर कार्यक्रमाचं रीतसर इव्हेंट पान करावं. 'येणार' म्हणणाऱ्याला त्याची आठवण आपोआप जाते आणि बदल झाला की तोही कळतो. पैसे लावायचेच तर ग्वाल्हेरपुरते लावा.

पाठवण्यापूर्वी मजकूर दोन माणसांनी वाचावा. त्यातलं एक माणूस मराठीचं शिक्षक असावं, मंडळात पाच-सहा तरी आहेत.

कलाकाराची लेखी संमती असेल तेवढंच चित्रीकरण, एका ठरलेल्या जागेवरून, दिव्याशिवाय.

एजन्सीचा ठराव वार्षिक सभेपर्यंत थांबवावा आणि यंदाच्या प्रचारखर्चाचा तपशील त्या सभेपुढे ठेवावा. त्यात व्ह्यूजच्या आकड्याशेजारी प्रत्येक संध्याकाळच्या हजेरीचा आकडाही असावा. दारातल्या वहीत सह्या आहेत, मोजायला अर्धा तास लागेल. मोजायला कोणी नसेल तर मी येते.

यातलं पोस्ट करणं, पान सांभाळणं, पत्रकाचा मजकूर लावणं हे मी फुकट करीन, माझ्याबरोबर कॉलेजातल्या दोन मुली आहेत. पण मला काम द्यायचं म्हणून या मागण्या मान्य करू नका, आणि माझं काम नको म्हणून नाकारूही नका.

या पत्राची एक छापील प्रत आज कार्यालयात दिली आहे, पोच घेतली आहे. उत्तर ग्रुपवर आलं तरी हरकत नाही. फक्त ते टाइप केलेलं असावं, म्हणजे आमच्या काकांनाही ऐकता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
लष्कर, ग्वाल्हेर